पेटीतला मंगळवार

अन्याय झाला तो विमल येरेवाड या बाईवर. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला, भर दुपारी, नांदेडच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात, यंत्रांची पूजा आटोपल्यावर. हळद-कुंकू लावलेल्या, झेंडूची माळ घातलेल्या मशीनचा प्लग ओढला गेला, तेव्हा ती मशीन चालू होती आणि आमच्या गावचं काम करत होती. प्लग कुणी ओढला ते मला माहीत आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ओढायला सांगणारे वेगळे होते आणि त्यांनी त्या हुकमावर सही केलेली नाही. त्यांची सही आहे ती दुसऱ्याच एका शब्दाखाली. तो शब्द म्हणजे 'बनावट'.

तो शब्द मागे घ्यायला लावायचा आहे, म्हणून हे लिहिते. मी पत्रकं लिहिणारी बाई. एका पानात मागणी मांडायची, खाली 'आपले नम्र' टाकायचं आणि बसस्टँडवर वाटत सुटायचं, ही माझी सवय. विमल मॅडम एका पानात मावत नाहीत.

मुरुडच्या पलीकडं आमचं गाव आहे. तिथं जमीन आवाज करते. शेजारच्या खोलीत कुणी धान्याची जड कोठी सरकवावी तसा आवाज, फक्त ती खोली पायाखाली असते. मग दाराची कडी हलते, मांडणीतलं एखादं भांडं किणकिणतं, आणि भुंकत असलेली कुत्री गप्प होतात. मोठा भूकंप पाहिलेली माणसं तेवढ्यात उठतात आणि अंगणात जाऊन उभी राहतात, देवळात उभं राहावं तशी. शाळेच्या स्लॅबला भेग आहे. त्या स्लॅबखाली लेकरं बसतात. आमची मागणी तेव्हा होती तीच आज आहे: शाळा दुरुस्त होईपर्यंत वर्ग पत्र्याच्या शेडात भरवा. तालुक्याच्या कचेरीनं विचारलं, आवाज होतात याला पुरावा काय? तुमच्या गावात यंत्र कुठंय?

यंत्र कुठं मिळतं ते विचारत मी नांदेडला पोचले. कॉलेजच्या मागच्या इमारतीत एक मॅडम जमिनीचं ऐकणाऱ्या पेट्या बनवतात, असं कळलं होतं. पत्रकांचा गठ्ठा काखेत आणि भांडायची तयारी करूनच गेले. खोलीबाहेर शेख चाचा, तिथले शिपाई, स्टूल टाकून बसले होते. आत का बसत नाही विचारलं तर म्हणाले, "अंदर मशीन के अंगात आया है बेटा. होने दो, फिर जाव."

मला हसू आलं. दार लोटलं आणि हसू गेलं. खोलीत माझ्या गावची जमीन गुरगुरत होती. तोच आवाज, तीच कोठी, तीच सरकवणारी कुणीतरी. गाव तिथून कितीतरी लांब, आणि आवाज माझ्या चपलांखाली. कमरेएवढी एक काळी मशीन, तिच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं, आजारी माणसानं पाणी मागावं इतकं हळू. आणि मशीनवर तळवा ठेवून एक उंच, काटकुळी बाई उभी. तिनं मागं न बघता सांगितलं, "थांब अक्का. बोलू नको. ती ऐकून राहिली."

मी तिच्याहून वीस वर्षांनी तरी लहान. तरी पहिल्या वाक्यापासून मी 'अक्का' झाले ती शेवटपर्यंत. "काय अक्का, आज कुणाचा निषेध?" असं दारातच विचारायची. मी चिडायचे. मग ती चहा सांगायची.

आवाजाचं कोडं तिनं नंतर सोडवलं. आमच्या गावातल्या एकानं फोनवर तो आवाज धरला होता, तो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला होता, आणि तोच ती मशीनला ऐकवत होती. मशीनचं मात्र तिनं नीट समजावलं, आणि पुढं किती जणांना समजावताना मी ऐकलं. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी असायची. ती उचलून म्हणायची, "हिच्यात जीव किती? जुन्या मोबाईलाएवढा. आपण लिहितो ते हिला कळत न्हाई. हिला कळंल असं करून द्यावं लागतं, त्याला बिल्ड म्हणतात. त्याला लई ताकद लागते. हिलाच करायला लावलं तर तापती, अडकती, बेशुद्ध पडती. म्हणून ते काम ही मोठी मशीन करती. गंमत बघ, जे बनतं ते मोठीला स्वतःला चालत न्हाई. तिला त्यातला एक शब्द वाचता येत न्हाई. दुसरीसाठी रांधायचं आणि आपण उपाशी."

आणि पेटी गावाला पाठवायच्या आधी मोठ्या मशीनला काही वेळ लहान व्हायला लावायचं. आपली ताकद विसरायची, पेटीसारखं चालायचं, पेटीसारखं अडखळायचं. शेख चाचा म्हणत होते ते हेच. तो शब्दही मूळ मॅडमचाच. "आता हिच्या अंगात तुमच्या गावची पेटी आली," असं ती सरळ चेहऱ्यानं सांगायची. त्या वेळी खोलीत फोनवर बोलायचं नाही. खुर्चीत बसायचं नाही. ती स्वतः कधीच बसली नाही.

ती देगलूरची. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात जो समोर येईल त्याची बोली. बिल्ड चालू असला की ती पुटपुटत तेलुगूत आकडे मोजायची. ओकटी, रेंडू, मूडू. दहा झाले की पुन्हा ओकटी. कशाचे आकडे, विचारलं तर म्हणाली, कशाचेच न्हाई, आई पाणी उकळेपर्यंत मोजायची. दहाच्या पुढं का नाही, तर पुढचे आईनं शिकवलेच न्हाईत.

तिचं एक म्हणणं होतं: ज्याच्यासाठी करायचं त्याच्याइतकं हळू व्हायचं. हे ती फक्त मशीनला लावत नव्हती. शेख चाचांचा गुडघा धरायचा, तर जिना ती त्यांच्याबरोबर एकेक पायरी थांबत चढायची आणि कुलसचिव मागं ताटकळत असले तरी वाट द्यायची नाही. स्वतःचा फोन बटणांचा. पोरं नवीन फोन दाखवायला आली की ती तो हातात न घेता लांबूनच बघायची, दुसऱ्याच्या ताटात बघावं तसं. मला वाटायचं, हे सोंग आहे. सोंग नव्हतं. तिला खरंच भीती वाटायची की आपण वेगवान झालो तर पेटी काय म्हणते ते ऐकू यायचं नाही.

पेटी बसवायला ती गावात आली तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात चपला काढून उभी राहिली आणि बराच वेळ तशीच. गाव गोळा झालं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कोंडाबाईंनी विचारलं, "बाई, ही पेटी खाती काय?"

"लाईट खाती."

"मंग उपाशीच मरंल की."

सगळे हसले, मॅडमही. पेटी भिंतीला लागली, हिरवा दिवा लागला, आणि पुढं काहीच नाही. आवाज नाही, पेटीवरच्या पडद्याच्या पट्टीवर अक्षर नाही. नुसता हिरवा डोळा उघडा. कुणी म्हणालं, आपल्या जमिनीला बघून दातखीळ बसली. मॅडम पेटीसमोर मातीत बसली, मी तिला बसलेलं पाहिलं ते तेव्हाच. मग उठून कोंडाबाईंना म्हणाली, "चूक माझी हाय. माझ्या टेबलावर नवीन जातीची पेटी होती, मी तिच्यासाठी बनवून आणलं. तुमच्याकडची जुनी. हिला त्यातलं एक अक्षर येत न्हाई, आन ही लाजून गप बसली." पेटी पदराखाली धरून तिनं परतीची एसटी गाठली.

नवा बिल्ड झाला तो श्रावणातल्या एका मंगळवारी. त्या दुपारी मी खोलीत होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता, चाचांनी चहा आणला होता, आम्ही दोघी उभ्याउभ्याच पीत होतो. सव्वातीनला मशीनचा पंखा खाली आला. मॅडमनं बशी टेबलावर ठेवली आणि पडद्यावरची ओळ दाखवली. बिल्ड होताना मशीन त्यात आपोआप दोन गोष्टी घालते: बनवणाऱ्याचं नाव आणि बनवलं ती वेळ. पेटी जागी झाली की पट्टीवर आधी तेच दिसतं. विमल. मंगळवार. सव्वातीन.

"उगं आपलं नाव," ती म्हणाली. "गोधडीला टाका दिसतो तसं."

या वेळी पेटी बोलली. जमीन गुरगुरली की टिपून ठेवू लागली. पोळा गेला, गणपती बसले, आणि मॅडम गावात आली तेव्हा कोंडाबाईंनी तिला पेटीपुढं नेऊन उभं केलं.

"म्याडम, तुमच्या पेटीत सारखा मंगळवारच हाय."

होता खरा. पेटीत घड्याळ चालू ठेवणारा सेल नव्हता. कॉलेजनं आणलेल्या स्वस्त मालात तो येत नाही. लाईट गेली की पेटी मरते आणि लाईट आली की जागी होते, पण किती वेळ गेला हे तिला कळायला मार्ग नाही. मग तिला ठाऊक असलेली एकच वेळ ती धरते: आपण बनलो ती वेळ. आमच्याकडं लाईट दिवसातून कितीदा तरी जाते. पेटी बिचारी बुधवारपर्यंत क्वचितच पोचायची. पुन्हा मंगळवार, पुन्हा सव्वातीन. खाली नोंदलेला प्रत्येक गुरगुराट त्याच दुपारचा.

मॅडमनं पट्टीवरची ओळ पुन्हा वाचली. तिला हे माहीत असायला हवं होतं, असं ती स्वतःच म्हणाली. नेटवर्क सापडलं की त्यातून खरी वेळ घेईल असा नवा बिल्ड करावा लागणार होता. तोवर काय? तोडगा कोंडाबाईंनी काढला. त्यांनी फळ्याखालचा खडू उचलला आणि पेटीच्या बाजूच्या भिंतीवर वार, तारीख, वेळ लिहिली. लाईट आली की जवळ जो असेल त्यानं भिंतीवर लिहायचं. पेटी तिचं प्रत्येक जागं होणं ओळीनं टिपते. भिंतीवरच्या ओळी तिच्या ओळींना जोडल्या की गुरगुराटाची खरी वेळ निघते. मॅडमनं ते तपासलं आणि म्हणाली, "आता हिला घड्याळ आलं. आख्खं गाव हिचं घड्याळ."

गावाला ते अंगवळणी पडलं, आणि भिंतीवर भागतंय म्हणून नवा बिल्ड मागं पडला. शाळेत येणारी-जाणारी माणसं, सायकलवरून उतरलेली लेकरं, दूध घालून परतणारा एखादा, लाईट आली की खडूकडं धावायचे. त्या दुपारच्या चहाचं मी सांगितलं होतं, ते कोंडाबाईंनी धरून ठेवलं. पेटीची पट्टी उजळली की त्या म्हणायच्या, "म्याडम चहा पिऊन राहिल्या," आणि लिहायच्या. लेकरंही तेच म्हणायला लागली. वर्षभर आमच्या शाळेत दिवसातून अनेकदा मॅडम चहा प्यायली.

तेव्हा त्यात भिण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पुढच्या भादव्यात आम्ही पेटीतल्या नोंदी कचेरीत दिल्या; भिंतीवरच्या ओळी कुणी वहीत उतरवल्या नव्हत्या. कचेरीनं कॉलेजला विचारलं, कॉलेजनं समिती नेमली, समिती गावात यायचं ठरलं. आणि आमच्या सरपंचांनी, आमच्याच बाजूच्या माणसानं, पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी शाळेला चुना मारून घेतला. भिंत लेकरांनी खरडल्यासारखी दिसून राहिली होती, म्हणाले. पेटीभोवतीची सगळी भिंत पांढरी झाली आणि वर निळ्या अक्षरात 'सुस्वागतम्' आलं. कोंडाबाई शेतातून आल्या, भिंत बघितली, ओलं फडकं घेऊन चुना पुसायला लागल्या. चुन्याबरोबर खालचा खडूही निघून आला. त्यांचा पदर, हात, तोंड पांढरं झालं. मी त्यांना तशा अवस्थेत पाहिलं आणि ओळखलं नाही.

समितीनं नोंदी उघडल्या. गावाचे वर्षभराचे आवाज, सगळे एका मंगळवारी. सव्वातीन, साडेतीन, पावणेचार. मॅडमनं सांगितलं, न चिडता, सुरुवातीपासून. समितीतल्या एकानं विचारलं, "मॅडम, रेकॉर्ड यंत्रात असतं की भिंतीवर?" बाकीचे हसले. मॅडम म्हणाली, "सर, ज्याला जिथं जागा मिळंल तिथं असतं." अहवालात नोंदी 'बनावट' ठरल्या. शेडची मागणी फेटाळली गेली. लेकरं आजही त्याच स्लॅबखाली बसतात.

चुना मारणाऱ्यावर मॅडम रागावली नाही. ती नांदेडला गेली आणि तिनं नवा बिल्ड लावला, खरी वेळ घेणारा. तो चालू होता त्या दिवशी खंडेनवमी होती. मी तिथं नव्हते. शेख चाचांनी सांगितलं ते लिहिते. पूजा झाली, पेढे वाटले, मग व्यवस्थापनाची माणसं मशीन दुसऱ्या खोलीत न्यायला आली. मॅडमनं एवढंच म्हटलं, "अर्ध्यात काढू नका. होऊ द्या. मग काय न्यायचं ते न्या." तळवा मशीनवरच होता. प्लग ओढला. पंखा थांबला, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना कळलं की ती मोजत होती. आवाज पंख्याखाली दबलेला होता, तो एकटा उघडा पडला. ती दहापर्यंत पोचली नाही. मध्येच थांबली, माळ नीट केली आणि निघून गेली.

दिवाळीनंतर मी देगलूरला तिच्या भावाच्या घरी गेले. अंगणात ऊन होतं. पत्र्याच्या टेबलावर भाच्याचा जुना लॅपटॉप, उघडा, आणि ती त्याच्यासमोर उभी. अंगावर शाल, गालाची हाडं वर आलेली. ज्या कामाला मोठ्या मशीनला चहाएवढा वेळ लागायचा, ते ती त्या मरतुकड्या लॅपटॉपकडून करून घेत होती. तो तापायचा, बंद पडायचा, ती पुन्हा सुरू करायची. मी म्हटलं, मॅडम बसा तरी. तिनं लॅपटॉपवर तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"बसू कशी अक्का? आता मीच पेटीएवढी झाले. आता तरी नीट ऐकू येईल."

निघताना मी फाटकातून मागं पाहिलं. तिचे ओठ हलत होते. संक्रांतीच्या आधी ती गेली. साधा ताप, म्हणाले. लॅपटॉप त्याआधीच कायमचा बंद पडला होता.

आमच्या शाळेतली पेटी चालू आहे. लाईट जाते, येते, पट्टी उजळते: विमल, मंगळवार, सव्वातीन. जगात एवढी एकच वस्तू आहे जिला ती गेल्याचं कळलेलं नाही आणि कळायचा मार्गही नाही. कोंडाबाई आता "चहा पिऊन राहिल्या" म्हणत नाहीत. लेकरं म्हणतात. म्हणतात आणि गप्प होतात, कारण कधी कधी त्याच क्षणी खालून कोठी सरकते, आणि पेटी ती टिपते: मंगळवार, सव्वातीन. गावाखालचा सगळा आवाज त्या एका दुपारखाली जमा होत चाललाय. त्या दुपारी मी तिथं होते. जमीन हलली नव्हती, हे मी शपथेवर सांगितलं असतं. आता आठवायला बसले की टेबलावर ठेवलेली मॅडमची बशी किणकिणते. शेवटी शेख चाचांना विचारलं, त्या दिवशी बशी हलली होती का? "हिली थी बेटा," चाचा म्हणाले. "तुम दोनों बातां में थे."

मी यावर काय विश्वास ठेवायचा ते माझं मी बघेन. तुमच्याकडं माझं काम वेगळं आहे.

ती भिंत वर्षभर उभी होती. तिच्यासमोर झेंडावंदन झालं, स्नेहसंमेलन झालं, पोलिओचा डोस झाला, सोयरिकीचे पाहुणे येऊन गेले, निवडणुकीची रांग लागली. प्रत्येकानं फोटो काढले. फोटोत लेकरू हसतंय आणि त्याच्या डोक्यामागं पांढऱ्या खडूनं वार, तारीख, वेळ लिहिलेली आहे. चुना भिंतीवर मारला गेला, तुमच्या फोनवर नाही.

म्हणून हे पत्रक खिशात घालायच्या आधी फोन काढा. मुरुडला असा, हदगावला नांदायला गेलेल्या आमच्या गावच्या लेकी असा, पुण्याला कामाला गेलेले असा. चुना लागायच्या आधीच्या वर्षात मागं जा. आपलं माणूस बघू नका, त्याच्या मागची भिंत बघा. एक ओळ जरी वाचता आली तरी तो फोटो शाळेत आणून कोंडाबाईंच्या हातात द्या. पेटीला तिचे बाकीचे वार परत मिळू द्या, लेकरांना स्लॅबखालून बाहेर काढू द्या, आणि त्या मंगळवारी उभ्याउभ्या चहा पिणाऱ्या बाईला एकदाची बसू द्या.

आत्ता बघा. लाईट जायच्या आत.